तोंड नसलेल्या नावाड्याची प्रेमकथा

माझ्या नातीच्या कादंबरीतल्या नायकाला तोंड नाही, असा निर्णय सक्षम अधिकाऱ्यांनी घेतल्याचं कळवणारी ईमेल आली तेव्हा आम्ही दोघी चहा पीत होतो. नातीने कप खाली ठेवला. मी माझा संपवला. नायकाला तोंड असो वा नसो, चहा निवतोच.

ईमेल अत्यंत सभ्य होती. ‘आपल्या कादंबरीत नावाडी हा इसम ठिकठिकाणी बोलतो, हसतो, एकदा शीळ वाजवतो व एकदा सफरचंद खातो. मूळ सिनेमाची बारकाईने तपासणी केली असता सदर इसमास तोंड असल्याचे आढळून येत नाही. सबब, तोंडासंबंधीचा सर्व मजकूर वगळून कादंबरी पुनश्च सादर करावी.’ खाली सही होती आणि सहीखाली हुद्दा : विश्वरक्षक.

“हा विश्वरक्षक कोण गं?” मी विचारलं.

“सिनेमाचं जे विश्व असतं ना आजी, त्याचं रक्षण करणारा. त्यांच्याकडे तसा विभागच आहे.”

“कुणापासून रक्षण?”

“लेखकांपासून,” ती म्हणाली आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायली.

तो सिनेमा तुम्ही पाहिला असणार. न पाहता सुटलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. राजकन्या, दुष्ट जादूगार, आणि पोरांना ज्याच्यापायी वेड लागलं ते बोलणारं बदक. सिनेमाच्या मध्यावर राजकन्या सज्जात गाणं म्हणत फिरते, तेव्हा तिच्या मागे, पार खाली, नदी दिसते. नदीतून एक होडी जाते. होडीत गळ्याला पिवळा रुमाल बांधलेला नावाडी उभा असतो. तो जाता जाता मान वर करून राजवाड्याच्या एका खिडकीकडे बघतो. खिडकीत एक मुलगी शिवत बसलेली असते. होडी पुढे निघून जाते. बस, एवढंच. गाण्याची एक ओळही पुरी होत नाही.

त्या रुमालात रंग मी भरला आहे.

तेव्हा चित्रं हातानेच व्हायची. मोठं दालन, ओळीने टेबलं, टेबलाच्या काचेखाली दिवा. काचेवर पेन्सिलीचं चित्र आणि त्यावर पारदर्शक ताव ठेवायचा, एकाने त्याच्या पुढच्या बाजूने रेष काढायची, मग तोच ताव उलटा करून दुसऱ्याने मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे रेष झाकली जात नाही. रेष काढणारे समोरच्या ओळीत बसायचे, रंगाच्या मुली अलीकडे. माझ्याकडे यायच्या त्या रेषा ज्यांच्या होत्या, त्यांच्याशी पुढे माझं लग्न झालं. आमची ओळख अशी एकाच तावाच्या दोन बाजूंनी झाली.

दालनाच्या प्रमुखांना आम्ही खोडरबर म्हणायचो. त्यांचा दंडक होता, की लांबच्या माणसाला तोंड नाही. पडद्यावर ते तोंडासारखं दिसत नाही, माशी बसल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरही होतं. तरीही ह्यांनी नावाड्याला तोंड काढलं. अर्धवट उघडलेलं, काहीतरी बोलायच्या बेतात असलेलं. खोडरबर आले, त्यांनी पेन्सिलीच्या चित्रावरून ते पुसलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

नातीला आम्ही घरात ठकू म्हणतो. लहानपणी ताप आला की तिला हाच सिनेमा लागायचा. बाकीची मुलं बदकाला हसायची, ही बोट दाखवून विचारायची, “आजी, हा कुणाकडे बघतोय?” मी म्हणायची, “खिडकीतल्या मुलीकडे.” “मग पुढे काय झालं?” तोवर सिनेमा पुढे गेलेला असायचा.

ठकू मोठी झाली, विम्याच्या कचेरीत लागली. आणि मग सिनेमाच्या कंपनीने जाहीर केलं, की या लाडक्या विश्वाचा विस्तार करणाऱ्या अद्भुतरम्य प्रेमकथा तरुण वाचकांसाठी काढायच्या आहेत, नव्या लेखकांनी पुढे यावं. ठकू पुढे आली. तिची कल्पना पसंत पडली, करार झाला, तिने कचेरीचा राजीनामा दिला आणि ‘पुढे काय झालं’ ते लिहून काढलं. त्यात जादूगाराने नदी गोठवली होती, पडदे शिवणारी मुलगी खिडकीला बांधली गेली होती, शेवटी बर्फ फुटून नावाडी होडी काठाला लावतो, खिडकीखाली येऊन उभा राहतो आणि तिला म्हणतो, “तुमची खिडकी बंद झाली की मला वाट दिसत नाही.”

हे वाक्य तिने घरातूनच उचललं होतं. मी काम आटोपून निघाले की समोरच्या ओळीतून हे मला म्हणायचे, “तुम्ही दिवा मालवलात की मला रेष दिसत नाही.” त्यांच्या टेबलाला स्वतःचा दिवा होता. ते मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं.

“बाकी काही बदला म्हणाले तरी बदलीन,” ठकू म्हणाली, “पण ते वाक्य त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. त्याच्यासाठी तर सगळं पुस्तक आहे.”

तेव्हा प्रश्न तोंडाचाच होता. आम्ही दोघी कंपनीच्या कचेरीत गेलो.

विश्वरक्षक पोरगेलासाच होता. व्यवस्थित भांग, कोटावर बदकाचा बिल्ला, पाठीमागे भिंतीवर माणसाएवढं बदक. मी या सिनेमावर काम केलं आहे म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. “आजी, आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे,” असं म्हणून त्याने माझ्यासाठी उशी मागवली. उशीवरही बदक होतं. मी त्याच्यावर बसले.

मग मी त्याला खोडरबरांची हकिगत सांगितली. त्याने मधे न बोलता ऐकून घेतली.

“म्हणजे त्याला तोंड होतं, पण नंतर काढून टाकलं,” तो म्हणाला.

“तेच सांगतेय.”

“मग आमचा निर्णय बरोबरच आहे. काढून टाकलेलं तोंड म्हणजे नसलेलं तोंड.”

“अरे पण माणूस लांब होता म्हणून पुसलं. जवळ आला की दिसेल की.”

“तो जवळ आलेला नाही, आजी.”

“ठकूच्या पुस्तकात येतो.”

“तेच तर आम्हाला थांबवायचं आहे.” त्याचा आवाज जराही चढला नाही. “पडद्यावर जे आहे ते घडलं. पडद्यावर नाही ते घडलं नाही. एवढं एकच तत्त्व आम्ही पाळतो, म्हणून हे विश्व टिकलं.”

“मी पडद्यावर नव्हते. तरी मी तिथे होते.”

“तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तुम्ही विश्वाबाहेरच्या आहात.”

मला आजवर बऱ्याच ठिकाणांहून बाहेर काढलं गेलं आहे. विश्वातून ही पहिलीच वेळ.

एवढ्यात विक्री विभागाच्या बाई आत आल्या. हातात ठकूचं हस्तलिखित, चेहऱ्यावर घाई. “छान आहे, मी शेवटचं पान वाचलं. चुंबन कुठेय?”

“नाहीये,” ठकू म्हणाली.

“नसून कसं चालेल? या वयाच्या वाचकांना पुस्तकाच्या मध्यावर चुंबन लागतं. आधी आलं तर पुढचं वाचत नाहीत, उशिरा आलं तर तिथवर पोचत नाहीत. करारात आहे ते.”

“पण त्याला तोंड नाही.”

“का बरं?” बाईंनी विश्वरक्षकाकडे पाहिलं.

“सिनेमात नाही.”

“ते तोंडाचं तुम्ही दोघं बघा. माझ्याकडे फक्त चुंबन आहे.”

बराच खल झाला. कपाळाला कपाळ लावावं, अशी सूचना ठकूने केली. ती फेटाळली गेली, कारण शिवणारी मुलगी सिनेमात फक्त डावीकडून दिसते आणि तिची उजवी बाजू अद्याप मंजूर झालेली नाही. समोरासमोर आली तर अर्धी अनधिकृत ठरली असती. शेवटी उभय विभागांच्या संमतीने मार्ग निघाला. पुस्तकाच्या मध्यावर एक पान कोरं सोडावं व त्यावर ‘येथे चुंबन झाले असे समजण्यात यावे’ असं छापावं.

बाई समाधानाने गेल्या. ठकूने बाहेर आल्यावर मला विचारलं, “आजी, वाक्य कसं वाचवू?”

“हाताने बोलू दे त्याला,” मी म्हटलं. “खुणा करेल.”

तिने महिनाभर खपून तसं लिहिलं. नावाडी बोटांनी बोलायला लागला. खरं सांगते, पहिल्यापेक्षा सुंदर झालं होतं ते. त्याने केशरी रुमालाची टोकं दोन हातांत धरून खिडकी दाखवली, मग रुमाल मिटला आणि डोळे मिटले, आणि मुलीला न बोलता सगळं कळलं. वाचताना मी चष्मा दोनदा पुसला.

उत्तर आलं. सदर इसमाचे दोन्ही हात सिनेमात वल्ह्यावर असून ते त्यावरून सुटल्याचं कुठेही दिसत नाही. डोळे मिटल्याचंही दिसत नाही. तसंच त्याचं कमरेखालचं अंग होडीच्या काठाआड असल्याने तो काठावर उतरू शकेल असं गृहीत धरणं धोक्याचं होईल.

ठकू चिवट. आजोबांवर गेली आहे. तिने विचारलं, तोंड नाही तर तो जेवतो कसा? खुलासा आला : जेवत नाही. मग जगतो कसा? खुलासा : तो प्रश्न सिनेमात उपस्थित झालेला नाही. होडी कायम उजवीकडून डावीकडेच जाते, तर परत कशी येते? यावर मात्र विभागाची खास बैठक बसली आणि नदी गोल असल्याचा निर्णय झाला. त्या निर्णयाचा नकाशासुद्धा निघाला. तो विकायलाही ठेवला.

आतापर्यंत हा घरातल्या आणि कचेरीतल्या माणसांचा मामला होता. पण कादंबरी येतेय ही बातमी फुटली आणि निष्ठावान प्रेक्षक मंडळाला जाग आली. ही सगळी तरुण मुलं. त्यांनी तो सिनेमा इतक्या वेळा पाहिला आहे, की तितक्या वेळा आम्ही तो काढतानाही पाहिला नसेल. त्यांनी निवेदन दिलं, की नावाड्याला तोंड देण्याचा जो घाट घातला जात आहे त्याने आमच्या बालपणाचा अपमान झाला आहे.

शिवाय त्यांनी संशोधन केलं होतं. नावाड्याला तोंड नाही ही चूक नसून खूण आहे. जादूगाराने त्याला मौनशाप दिला आहे. राजकन्येच्या गाण्यात एका ठिकाणी ‘शांत’ हा शब्द येतो आणि नेमकी तेव्हाच होडी दिसते, हा त्याचा पुरावा. विश्वरक्षकाला हे इतकं पटलं, की मौनशाप अधिकृत झाला. शापाचा इतिहास, शापाचे प्रकार आणि शापित घराण्यांची वंशावळ यांना ठकूच्या पुस्तकात मिळून सात प्रकरणं द्यायची ठरली. तेवढी जागा करण्यासाठी शिवणाऱ्या मुलीची प्रकरणं कमी झाली.

मी मंडळाला लिहायला बसले होते, की बाळांनो, शाप वगैरे काही नाही, एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे रबर होतं. ठकूने मला थांबवलं.

“नको आजी. ते तुलाच प्रश्न विचारतील.”

“मग देईन की उत्तरं.”

“तुझी उत्तरं अधिकृत नाहीत,” ती म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं बहुतेक, कारण ती उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

राहता राहिलं ते वाक्य. ते कुणाच्याही तोंडी नव्हतं, त्यामुळे त्याला पुस्तकात राहण्याचा परवाना नव्हता. शेवटच्या बैठकीला ठकू एकटीच गेली. घरी आली ती बूट न काढताच खुर्चीत बसली.

“वाक्य राहिलं,” तिने सांगितलं.

“वा. कुणाच्या तोंडी?”

“ज्याला तोंड आहे त्याच्या.”

“म्हणजे?”

“आजी, त्या अख्ख्या नदीवर अधिकृत तोंड एकालाच आहे.”

मला ते बदक आठवलं, त्याच्या उशीसकट.

“निदान पुस्तकात आहे ना,” ठकू म्हणाली. “बदक होडीवर येऊन बसतं आणि त्याच्या वतीने बोलतं. तसं वाईट नाही वाटत. वाचलंस तर… जाऊ दे.” आणि मग बुटांकडे बघत, “विक्रीच्या बाईंना ते लांब वाटलं. विकायच्या कपावर मावत नाही म्हणाल्या. म्हणून आता बदक फक्त ‘खिडकी बंद!’ असं म्हणतं आणि पाण्यात पडतं.”

पुस्तक निघालं. असं जाडजूड पुस्तक आमच्या घरात दुसरं नाही. त्यात नावाडी उजवीकडून डावीकडे जातो. मुलगी डाव्या बाजूने शिवते. मध्यावर चुंबन झालं असं समजण्यात येतं. नंतर नावाडी पुन्हा उजवीकडून डावीकडे जातो, कारण नदी गोल आहे. शेवटी काही होत नाही, पण ते फार अदबीने होत नाही.

प्रकाशनाला ही गर्दी. मुलं-मुली तोंडावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून आलेली. मुलींनी चेहऱ्याची उजवी बाजू ओढणीने झाकलेली. ‘खिडकी बंद!’ असं कुणीतरी ओरडलं, की सगळं सभागृह पडल्यासारखं करायचं. ठकू मंचावर सह्या करत होती. तिच्यासमोर रांग दारापर्यंत गेली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण तिला मनापासून सांगत होता, की तुम्ही काही बिघडवलं नाहीत याबद्दल तुमचे आभार.

माझ्या शेजारी एक गोड मुलगी बसली होती. तिने पट्टी जराशी सोडवून मला विचारलं, “आजी, तुम्ही म्हणे सिनेमावर होतात. मौनशापाबद्दल तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?”

“शाप नव्हता गं,” मी म्हटलं. “लांबच्या माणसांची तोंडं पुसायची पद्धत होती. ह्याचं तोंड माझ्या नवऱ्याने रेखाटलं होतं. तो बोलायच्या बेतात होता.”

तिने माझा हात हातात घेतला. आजारी माणसाचा घेतात तसा. “असू दे आजी,” ती म्हणाली, “खूप वर्षं झाली ना. होतं असं.” आणि पट्टी परत नीट लावली.

तिने विचारलं नाही, की काय बोलायच्या बेतात होता. त्या सभागृहात कुणीच विचारलं नाही. मी निघेपर्यंत वाट पाहिली.

आता ठकूचा दुसरा भाग चालू आहे. बदकाचं लग्न आहे म्हणे. विम्याच्या कचेरीपेक्षा बरं चाललंय, आणि मी तिला बोल लावत नाही. पोटाला लागतं, आणि पुस्तकावर नाव लागतं, तेही खोटं नाही. हल्ली ती विश्वरक्षकासारखी हळू बोलते, एवढंच.

ही हकिगत लिहून झाल्यावर मी तिलाच आधी वाचायला दिली. ती खिडकीपाशी बसून वाचत होती. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. कुठल्या ओळीवर ती थांबेल याचा माझा अंदाज होता.

ती थांबली. तिने पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आणलं.

“आजी,” ती म्हणाली, “रुमाल आधी पिवळा लिहिलायस आणि नंतर केशरी. नक्की काय धरायचं?”

मी ते मुद्दाम तसं लिहिलं होतं. ते तसंच ठेवलं आहे.

तेव्हा ज्या वाचकांनी ही चूक मगाशीच पकडली, ज्यांनी मनातल्या मनात माझं वय काढलं, त्यांचं अभिनंदन. तुमच्यासारख्यांमुळेच विश्व टिकून आहे. कळवायचं असेल तर जरूर कळवा, रंग पिवळाच होता. फक्त त्याआधी एक करा. नावाडी खिडकीखाली उभा राहून काय म्हणाला होता, ते मागचं पान न उलटता आठवतंय का बघा. आठवलं नाही तर हरकत नाही, पान उलटा. पण मग ते वाक्य कपाटात ठेवू नका. घरात ज्याला म्हणायचं राहून गेलं असेल त्याला जाऊन म्हणा, तुमच्या शब्दांत म्हटलंत तरी चालेल.

तुम्हाला तर तोंड आहे.